भाऊजी आणि मेलेला उपग्रह

माझ्या ताईच्या नवऱ्याला मी अहो-जाहो करतो ते नात्यानं मोठे म्हणून. माणूस म्हणून विचाराल तर अरे-तुरेसुद्धा महाग पडेल. पण नातं काही कापून टाकता येत नाही, आणि त्यात आम्ही वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी नोकरीला. त्यामुळे दिवसा साहेब आणि संध्याकाळी भाऊजी अशा दोन्ही रूपांत ते माझ्या वाट्याला आले.

भाऊजींच्या हातून आयुष्यात एकही काम बिघडलं नाही. बिघडायला ते आधी हाती घ्यावं लागतं. त्यांची हुशारी वेगळीच होती. काम कुठे शिजतंय याचा वास त्यांना दुरून यायचा, आणि ताट वाढलं की हे हात धुऊन हजर. कॅमेरा विभागाचे प्रमुख ते असेच झाले. आधीचे प्रमुख डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले, तेव्हा भाऊजी तात्पुरते म्हणून त्यांच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. आधीचे परत आले तर त्यांच्या टेबलावर भाऊजींचा पाण्याचा तांब्या, चष्म्याचं घर आणि कुटुंबाचा फोटो. फोटोतसुद्धा हे पुढे आणि ताई यांच्या खांद्यामागे अर्धी.

आमच्या विभागाचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. वर अवकाशात एक जुना उपग्रह मेला होता. मेला म्हणजे हाक मारली तर ओ देत नाही, अंगावर दिवा नाही, खूण नाही, आणि वेड्यावाकड्या कोलांट्या खात फिरतोय. पुढेमागे त्याला खाली आणायचं होतं. त्याआधी आमच्या छोट्या यानानं त्याच्याजवळ जायचं, त्याच्याभोवती फेरी मारायची आणि त्याची अवस्था काय आहे ते बघून यायचं. जमिनीवरून कुणी त्याचा हात धरून नेणार नव्हतं, कारण संपर्क मधेच तुटतो, आणि तेवढ्या वेळात टक्कर होऊन जाते. यानानं स्वतःच्या कॅमेऱ्यातून बघायचं, समोरचं धूड किती लांब आहे, कसं फिरतंय हे स्वतःच ओळखायचं आणि तसं वळायचं. त्या मेलेल्याकडून काडीची मदत नाही.

याची तालीम तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चाले. भिंती काळ्या, छत काळं, फरशी काळी. एका टोकाला उपग्रहाची निम्म्या आकाराची प्रतिकृती, चुरगळलेल्या सोनेरी वर्खात गुंडाळलेली आणि मोटरवर फिरणारी. दुसऱ्या टोकाला सूर्याच्या जागी एक प्रखर दिवा. मधल्या मोकळ्या जागेत यान म्हणून एक चाकांची गाडी, तिच्यावर कॅमेरा. हा हॉल माझ्या ताब्यात होता. दाराशी काळे कोट टांगलेले असत आणि कोट घातल्याशिवाय आत जायचं नाही असा नियम होता. उजळ कपडा आत गेला की त्याच्यावर उजेड पडतो आणि कॅमेरा फसतो.

यानाची बुद्धी, म्हणजे तो सगळा प्रोग्रॅम, एका बाईंनी लिहिलेला होता. त्यांना सगळे खडूस म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. चहाच्या मगावर त्यांनी ते स्वतःच छापून घेतलं होतं. बाईंनी त्या प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला होता. यानानं सारखं स्वतःला विचारायचं, मला जे दिसतंय त्याची खात्री किती? खात्री एका मर्यादेखाली घसरली की पुढचा विचार करायचा नाही, मागे फिरायचं.

एकदा बाहेरचे बडे पाहुणे हॉल बघायला आले. भाऊजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे.

मी म्हटलं, "कोट घाला."

"अरे, फोटो काढायचेत. काळ्यात काळा मी दिसणार कसा?"

ते तसेच आत गेले आणि थेट प्रतिकृतीच्या बाजूला जाऊन हात हलवत माहिती सांगू लागले. गाडी सुरू झाली. थोडा वेळ ती प्रतिकृतीकडे शहाण्यासारखी गेली. मग दिव्याचा झोत भाऊजींच्या शर्टावर पडला आणि कॅमेऱ्यानं उपग्रह सोडून शर्ट धरला. शर्ट इतका ठळक होता की खात्री कमी व्हायचा प्रश्नच नव्हता. गाडी वळली. भाऊजी डावीकडे सरकले, गाडीही डावीकडे. ते भिंतीकडेनं चालू लागले, गाडी मागोमाग. मग त्यांनी पावलं उचलली, आणि बोलणं न थांबवता, हसू तसंच ठेवून, हा माणूस काळ्या हॉलमध्ये एका गाडीपुढे पळू लागला. मी दिवा बंद केला तेव्हा कुठे ती थांबली.

मला वाटलं, आता तरी तोंड लपवतील. घाम पुसत ते पाहुण्यांना म्हणाले, "बघितलंत? समोर माणूस आला तरी ओळखतं. ही आमची खास सोय."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणेही त्याच मापाचे.

बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गाडीचा दोष नाही. आत काही नाही पण वरून चकचकीत, असंच धूड ओळखायला शिकवलंय मी तिला."

पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. उजेडानं कॅमेरा इतका फसत असेल तर वर गेल्यावरही फसेल. त्यांनी ती खात्रीची मर्यादा आणखी कडक केली. आता जरा कुठे झळक पडली की गाडी मागे फिरायची. पुढच्या पाहुण्यांसमोर ती दोनदा फिरली. भाऊजींनी लगेच सगळ्यांना बैठकीला बोलावलं.

"चारचौघांत शेपूट घालून पळतं ते. शोभतं का? मर्यादा सैल करा."

"करते," बाई म्हणाल्या. "फक्त तुमच्या सहीनं तसा लेखी आदेश द्या."

"लेखी कशाला? आपण काय परके आहोत?"

"यान फुटलं की होऊ."

भाऊजींनी खिशाला हात लावला, पेन चाचपलं आणि हात पुन्हा टेबलावर ठेवला. "उद्या बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली.

मी समाचाराला गेलो. ताईनं दार उघडलं. आत भाऊजी एकटे लोखंडी कपाट भिंतीपासून ओढत होते. टीव्हीचा रिमोट मागे पडला होता. मला बघताच ते कपाट तसंच तिरकं सोडून सोफ्यावर आडवे झाले आणि कण्हले. कण्हण्याचा सूर आधी लागला नाही, म्हणून खाकरून पुन्हा कण्हले.

ताईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा टाकायला गेली.

"मेहुण्या, तू जरा बाईंना समजाव," ते डोळे मिटून म्हणाले. "माझा निरोप म्हणून नको. तुला स्वतःला वाटतं असं सांग."

मी चहा प्यालो आणि निघालो. बाईंना काही सांगितलं नाही. यानात शेवटचे बदल भरायची मुदत उलटेपर्यंत त्यांची पाठ धरलेलीच राहिली. मुदत उलटली, आणि पाठ मोकळी झाली. मर्यादा बाईंनी ठेवली होती तशीच राहिली.

यान वर गेलं आणि यथावकाश त्या मेलेल्याजवळ पोचलं. आम्ही सगळे नियंत्रण कक्षात होतो. मोठे साहेबही येऊन बसले होते. फेरी छान सुरू झाली. पडद्यावर ते काळपट धूड कोलांट्या खात होतं आणि यान अंतर राखून त्याच्या कडेनं चाललं होतं. मग धुडाच्या मागून काहीतरी लखलखलं. अंतराचे आकडे वेडेवाकडे उड्या मारू लागले. यान मागे वळलं एवढं दिसलं आणि संपर्क तुटला.

संपर्क तुटणार हे वेळापत्रकातच होतं, पण तो नेमका या क्षणी तुटला, आणि सगळे घड्याळाकडे बघू लागले.

अशा वेळी माणसाची जात कळते. भाऊजी उठून मोठ्या साहेबांच्या खुर्चीमागे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी आधीच बजावलं होतं. या बाई कुणाचं ऐकत नाहीत. मर्यादा बदला म्हणून मी किती वेळा सांगितलं, मेहुण्यांना विचारा."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सांगितलं होतं. लिहून द्यायच्या वेळी त्यांची पाठ धरली."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी मान वर केली नाही. रिकामा मग त्यांनी दोनदा तोंडाला लावला आणि दोनदा खाली ठेवला. ही बाई घाबरते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

संपर्क परत आला तेव्हा यान लांब, सुरक्षित जागी उभं होतं. माघार घेताना त्यानं काढलेली चित्रं एकेक करून उतरली. उपग्रहाचा एक पंख मोडून नुसत्या तारांवर लोंबत होता. जुन्या नोंदींत असलं काही नव्हतं, कुणाला कल्पनाही नव्हती. कोलांटी खाताना तो पंख गोफणीसारखा बाहेर फेकला जात होता, आणि यान सरळ पुढे गेलं असतं तर त्याच्याच तडाख्यात सापडलं असतं. लखलखला होता तो तोच.

मोठे साहेब उठले आणि त्यांनी विचारलं, "हे मागे फिरायचं कुणी ठरवलं?"

बाई तोंड उघडणार, त्याआधी भाऊजी बाईंच्या खुर्चीपाशी पोचलेसुद्धा. "आमच्या विभागानं," ते म्हणाले. "आम्ही ते मुद्दामच कडक ठेवलं होतं."

जिभेला हाड नसतं हे ठाऊक होतं. या माणसाच्या अंगातच कुठे नव्हतं.

विभागाचा सत्कार झाला. भाऊजी बोलायला उभे राहिले. मागे फिरायला धैर्य लागतं, म्हणाले, आणि वरून दबाव असताना तर फारच लागतं. वरून म्हणजे कुठून ते कुणी विचारलं नाही. बाई सत्काराला आल्याच नाहीत. खाली हॉलमध्ये माझ्याबरोबर बसून, प्रतिकृतीला तसाच एक पंख तारेनं बांधून, यानाच्या दुसऱ्या फेरीची वाट शोधत होत्या.

मी विचारलं, "बाई, राग येत नाही?"

"त्यांनी सही केली असती तर आला असता," त्या म्हणाल्या. "त्यांच्या भित्रेपणानं माझं यान वाचलं. तार जरा ताणून धरा."

दुसऱ्या फेरीला यान उलट बाजूनं गेलं, पंख चुकवून पूर्ण फिरून आलं आणि पाहिजे होती ती सगळी चित्रं घेऊन आलं. बाईंना पुढच्या यानाचं काम मिळालं. भाऊजींना मुख्य कार्यालयात बढती मिळाली, दुसऱ्या शहरात. तिथे ते नव्या पोरांना निर्णयक्षमता शिकवतात. पोरं वह्या काढून लिहून घेतात, असं ऐकतो.

ते निघाले त्या दिवशी मी सामान भरायला गेलो होतो. भाऊजी खाली ट्रकवाल्याला ट्रक कसा लावायचा ते समजावत होते. ताई भांडी कागदात गुंडाळत होती. मी सत्काराच्या भाषणाची नक्कल करून दाखवली. ती हसली नाही.

"तुला त्यांच्यावर हसता येतं," ती म्हणाली. "तू घरी निघून जातोस. माझं घर इथेच आहे. मी हसायला लागले तर थांबायचं कुठे?"

मग तिनं गुंडाळलेली भांडी दोन खोक्यांत वेगवेगळी ठेवली. एक खोकं ट्रकमध्ये गेलं. दुसरं ओट्याखाली राहिलं, आणि तीही राहिली. भाचीचं कॉलेज इथे आहे, तिला एकटं कसं ठेवायचं, असं तिनं सांगितलं. भाऊजींनी मान हलवली. कारण पटण्यासारखं होतं आणि चारचौघांत सांगण्यासारखंही.

भाची शिकून कधीच नोकरीला लागली आणि दुसरीकडे राहायला गेली. भाऊजी अजून लोकांना सांगतात, बायको पोरीच्या शिक्षणासाठी तिकडे आहे. रविवारी त्यांचा फोन येतो. ताई फोन ओट्यावर ठेवते, स्पीकर लावते आणि भाजी निवडत बसते. ते आठवडाभरात आपण काय काय निर्णय घेतले ते सांगत असतात. ती मधूनमधून "हं" म्हणते.