बाहुलीचं खाचर

भूत, भानामती, अंगात येणं — ह्यांच्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं छापून पौडच्या बाजारात वाटली आहेत. भगताच्या दारात उभा राहून त्याच्याशी कडाकडा भांडलोही आहे. तेव्हा वाचकहो, पुढचं लिहिताना माझी काय अवस्था होत असेल ते समजून घ्या...

आमचं गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे. घरी आई, दादा, मी आणि घोटावड्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली सरूवहिनी. वहिनी कामाला वाघीण. पण भाकरी थापता थापता झोपायची. खूप हसली की गुडघ्यांतला जीवच जायचा, जागच्या जागी कोसळायची. एकदा तव्यावर हात भाजला. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. आईनं ठरवून टाकलं — भाताची लावणी उरकली की हिला माहेरी पोचवायची, ती कायमची.

मी खवळलो. आजारी माणसाला हाकलून देणं हा कुठला धर्म? दादाला आणि वहिनीला एस.टी.त बसवलं नि पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा झोपेचाच एक विकार आहे. रोज सकाळी नि दुपारी ठरल्या वेळी थोडं झोपू द्या, चुलीपाशी नि विहिरीवर एकटीला सोडू नका, दचकवून उठवू नका.

आईला हे सांगितलं.

"सुनंनं दुपारचं निजायचं? आन् सासूनं काय, पाय चेपायचं तिचं?"

"चेप की! तुझी लेक असती तर?"

"माझी लेक आसती तर आशी पेंगली नसती!"

लावणी चालू होती. दुपारी बांधावर भाकरी सोडून बसलो होतो. दादानं घुमणाऱ्या भगताची नक्कल केली आणि वहिनी हसत सुटली... हसता हसता आईच्या मांडीवरच कलंडली. आईनं तोंडावर मारायला पाण्याचा तांब्या उचलला. मी तिचा हात धरला.

तेवढ्यात वहिनी झोपेतच, लहान पोरीसारखं, स्पष्ट बोलली — "बाहुलीच्या खाचरात पानी न्हाई आलं अजून."

आईनं तांब्या तसाच खाली ठेवला.

आईचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलंय. तिथं ओढ्याकाठी भाताचं एक चिमुकलं खाचर होतं. आईनं आणि तिच्या थोरल्या बहिणीनं त्यात चिंध्यांची बाहुली पुरली होती. 'बाहुलीचं खाचर' हे नाव त्या दोघींपुरतंच. बहीण लहानपणीच गेली, मग पाणी चढलं.

"तुझ्या बापाला बी कदी सांगितलं न्हाई म्या," आई मला म्हणाली.

वहिनी जागी झाली. "म्या निजली व्हती व्हय? उठवायचं न्हाई का वो आत्याबाई, रोपं सुकत्याल."

आईनं पदरानं वहिनीच्या गालाचा चिखल पुसला.

मी तर्क लढवला — आईच कधी झोपेत बरळली असेल, वहिनीनं ऐकलं असेल. वहिनी शपथेवर नाही म्हणते. डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ह्या विकारात डोळा लागताक्षणी स्वप्नं पडतात, माणूस बोलतोही, असं ते म्हणाले. पण हेच नाव कसं? ते त्यांनाही सांगता आलं नाही.

लावणी उरकली. वहिनीला माहेरी कुणी पोचवलं नाही. उलट आता रोज दुपारी आई स्वतः घोंगडी अंथरते आणि उशाशी कान देऊन बसते. वहिनी त्यानंतर झोपेत अवाक्षर बोललेली नाही.

मला हेच सलतं. ती आजारी आहे, माणूस आहे, म्हणून ती ह्या घरात राहावी यासाठी मी भांडलो. ती राहिली, पण आईला बहिणीचा आवाज ऐकू आला म्हणून! परवा न राहवून मी आईला म्हटलंच, "आणि ती पुन्हा कधीच काही बोलली नाही तर? देशील का पाठवून?"

आई वहिनीच्या तोंडावरच्या माश्या हाकत होती.

"हळू बोल की मेल्या... उठंल ना ती!"

त्या खाचराचं नाव वहिनीच्या तोंडी कुठून आलं, ह्याचा उलगडा मला अजूनही झालेला नाही.