यमुताईचा डावा पाय

माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या पायाबद्दल आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाला सगळं माहीत होतं. त्यातलं काहीच खरं नव्हतं, हे मोहल्ल्याला कळलं तोवर ती राहिली नव्हती.

यमुताई नागपूरच्या एका गिरणीत रीलिंग खात्यात होती. सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या मशीनपुढे पाळीभर उभं राहायचं. जरा टेकलं की मुकादम ओरडायचा. तीन बाळंतपणं झाली आणि पोटरीवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या फुगून आल्या. संध्याकाळी पाय सुजायचा, घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायची. मोहल्ल्याचा निकाल ठरलेला: खराब रक्त साचलं. कोणी म्हणे वांगी खाल्ल्यामुळे, कोणी म्हणे बाळंतपणात पथ्य मोडल्यामुळे. दिवसभर उभं राहण्याचं नाव मात्र एकानंही काढलं नाही.

तिचे यजमान, शालिकराम भाऊजी, सायकलरिक्षा चालवायचे. इतका जीव लावणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांदेखत बायकोचे पाय चेपत बसायचे. बाया खिदळायच्या.

"हासा वं, हासा," भाऊजी म्हणायचे, "तुमच्या घरवाल्यानं कधी पान्याचा गिलास तरी देला का हाती?"

दर उन्हाळ्यात तुंबडीवाली यायची. पोटरीवर बारीक चिरा मारून, शिंग लावून रक्त ओढून काढायची. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आम्ही घरातले देव नदीत सोडले, अंगारे-धुपारे बंद केले, आणि ही बया तेवढी राहिली. तिला कोण देव मानत होतं? ती तर इलाज होती! जाताना ती यमुताईला बजावून जायची, की दोन दिवस पाय उशीवर ठेवून निजून राहा. सूज उतरायची. उतरायची ती निजल्यामुळे, पण वाहवा शिंगाची व्हायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी सासरहून, कन्हानहून आले आणि तिला ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. पाय नीट पाहून म्हणाला, "रक्तात काही दोष नाही. शिरेच्या आतल्या झडपा सैल झाल्यात, म्हणून रक्त वर न चढता खाली साचतं. ही शीर काढून टाकू. बाकीच्या शिरा तिचं काम सांभाळतील."

यमुताईनं तिथं मान डोलावली. घरी आली, आणि मोहल्ला तिच्याभोवती गोळा झाला. नस काढली की पाय सुकतो म्हणे. मग कवडूचं उदाहरण निघालं. आमच्याच गल्लीतला कवडू बोटाची जखम घेऊन दवाखान्यात गेला आणि पाय तिथंच ठेवून आला. अहो, त्याला साखरेचा आजार, बोट सडलेलं. त्याचा आणि हिच्या शिरांचा काय संबंध? मी घसा कोरडा केला. पण यमुताई रडायलाच लागली.

"मले पाय पायजे वं. एका पायानं मशीनपुढं कशी उभी राहू मी?"

ऑपरेशन राहिलं. मी कन्हानला परतले.

पुढचं सगळं मला भाऊजींनीच सांगितलं. गिरणीच्या सुट्टीचा दिवस होता, दुपार होती. यमुताईनं घोटा खाजवला, खपली निघाली आणि रक्ताची बारीक धार लागली. दुखत काहीच नव्हतं. ती घाबरली, भाऊजीही घाबरले. तेवढ्यात शेजारची कांताबाई आली.

"भिऊन काहून राहिली वं? खराब रक्त आपल्या आपण निघून राहिलं. निघू दे. कोमट पान्यात पाय ठेव, म्हंजे मधीच गोठनार नाई."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. भाऊजींनी तिला बाजेवर बसवलं, पाय खाली घमेल्यात सोडला, वरून कोमट पाणी घातलं. पाणी लाल झालं की ते मोरीत ओतायचे आणि नवीन घालायचे.

"पाय हलका वाटते जी," यमुताई म्हणाली.

भाऊजी खूश झाले. आता ऑपरेशनचं नावच नको, म्हणाले. मग तिला घाम सुटला, झोप येते म्हणाली. इतक्या वर्षांचा ठणका थांबला म्हणून डोळा लागत असेल, असं त्यांना वाटलं. ती आडवी होऊ लागली तेव्हा पाय पाण्यातून निघू नये म्हणून त्यांनी तिला खांद्याचा आधार देऊन बसतं धरून ठेवलं. माझ्या बहिणीला त्यांनी इतक्या मायेनं मरू दिलं. मला राग कोणावर काढावा तेच कळत नाही, मग मी सगळ्यांवरच काढते.

मान लटकली तेव्हा त्यांनी तिला आपल्याच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी बसनं पोचले तेव्हा ती पांढऱ्या चादरीखाली होती. तोच डॉक्टर समोर उभा होता.

"खराब रक्त लई होतं का जी?" भाऊजींनी विचारलं.

"खराब नव्हतं हो."

"मंग मी काय कराले पायजे होतं?"

डॉक्टरनं चादरीचं टोक नीट केलं. भाऊजींनी पुन्हा विचारलं, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "आडवं निजवायचं. पाय उंच धरायचा. जिथून वाहतंय तिथं अंगठा दाबून ठेवायचा, आणि तसंच घेऊन यायचं."

"एवढंच?"

डॉक्टरनं मान डोलावली आणि तो बाहेर गेला.

भाऊजींनी चादर सारली. घोट्याजवळची ती जागा शोधली, पाय उचलून आपल्या खांद्याशी उंच धरला आणि अंगठा दाबून उभे राहिले. शेवटी मी जवळ गेले, त्यांचा हात सोडवू लागले.

"थांब वं," ते म्हणाले, "आता तं धरला."