महिरपी कंसातलं नाव

दादरला एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट बनवते, हे आमच्या गिरगावच्या चाळीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं आधार लिंक होईना, की माझंच दार वाजतं. गेल्या वर्षी पुनर्विकासाचं भिजत घोंगडं एकदाचं हललं आणि कमिटीने मला पकडलं. म्हणाले, प्रत्येक भाडेकरूला मोबाईलवर त्याची माहिती दिसली पाहिजे. त्याचीच, शेजाऱ्याची नको. शेजाऱ्याला किती जागा मिळतेय हे दिसलं की आमच्याकडे भांडण ठरलेलं.

काम तसं सरळ. पान एकच. त्यावर एक तक्ता आणि एक आलेख. जिथे नाव यायचं तिथे महिरपी कंसात नुसतं 'नाव' लिहून ठेवायचं, जिथे मजला तिथे 'मजला', आलेखाच्या दोन खांबांना 'आजची जागा' आणि 'नवी जागा'. ज्याची लिंक उघडेल त्याच्या खोलीची माहिती यादीतून उचलली जाते आणि कंसांच्या जागी जाऊन बसते. खोल्या चौऱ्याहत्तर, पण मी पान लिहायचं एकदाच. खाली एक बटण, 'माझी माहिती बरोबर आहे'. रविवारपर्यंत ज्याने ते दाबलं नाही, त्याचं नाव आर्किटेक्टकडे जाणाऱ्या यादीत जाणार नव्हतं. आणि त्या यादीत नाव नाही, तर नव्या इमारतीत घर नाही.

पहिली यादी मी भाडेपावत्यांवरून भरली आणि तिथेच शेण खाल्लं. आमच्याकडे पावतीवरचं नाव बदलून घेण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. आजोबा गेले, वडील गेले, तरी पावती पणजोबांच्याच नावाने फाटते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी लिंक उघडली, तर पानाने तिच्या कधीच वारलेल्या आजेसासऱ्यांना नमस्कार घातलेला. ती फोन घेऊन थेट माझ्या दारात. "ह्यांच्याकडून बटण कसं दाबून घेऊ, तेवढं सांग," म्हणाली. मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

खोलीत खरोखर कोण राहतं, ह्याची यादी कमिटीकडे नव्हतीच. ती होती काकूंकडे.

काकू माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त, आणि एकट्याच. शाळेतल्या एका कोऱ्या हजेरीपटात त्यांनी हळदीकुंकवाची वही केलेली आहे. खोली नंबर, बाईचं नाव, घरात माणसं किती, फोन, सगळे रकाने पट्टीने आखलेले. सून आली की नवी ओळ, मुलगी सासरी गेली की तिच्या नावावर बारीक रेघ. दर संक्रांतीच्या आधी वही घेऊन चाळभर फिरायचं आणि माहिती ताजी करायची, हे त्या मी लग्न होऊन यायच्याही आधीपासून करत आल्यात. निमंत्रणाच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यांनी एकदाच गठ्ठ्याने छापून घेतलेल्या, नावाची जागा मोकळी, वहीत बघून भरायची. हे बघून मी हातच जोडले. आमच्या ऑफिसात नेमकं हेच शिकवायला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग देतात.

त्या वाचत गेल्या, मी टाइप करत गेले. दोन खोल्यांत नुसते पुरुष राहतात, त्या त्यांनी आठवणीने वेगळ्या सांगितल्या. मी भराभर पुढे पळायला लागले की थांबवायच्या. "घाई करू नकोस गं. माणसं आहेत ती." संध्याकाळपर्यंत यादी झाली आणि मी निवांत झोपले.

शनिवारी सकाळी सगळी पानं तपासायला घेतली, तर सात पानं रिकामी. 'नमस्कार' आणि पुढे काहीच नाही. नावच नाही म्हटल्यावर पुढचं काही उचललंच गेलं नव्हतं. तक्ता मोकळा, आलेखाचे दोन्ही खांब शून्यावर आडवे. दोन तास मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले. नवऱ्याने चहा हवा का विचारलं तर त्याच्यावरही खेकसले. मग रिकाम्या खोल्यांचे नंबर कागदावर उतरवले आणि एकेक ओळखत वाचायला लागले. पहिली, दुसरी, तिसरी. तिन्ही खोल्यांतल्या बायकांचे नवरे गेलेले, घरात सून नाही. हळदीकुंकवाला विधवांना कुठे बोलावतात? पुढचे नंबर मी वाचलेच नाहीत, तशीच तणतणत शेजारी गेले.

"काकू, तुम्ही ह्या बायकांना गाळलंत?"

"वही हळदीकुंकवाची आहे गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "नवरा गेला की नाव निघतं. मला जशी शिकवली तशी मी ठेवली."

"आणि उद्या ह्यांची घरं गेली म्हणजे? त्यांची नावं तरी माहीत आहेत का तुम्हाला?"

मी फार चढ्या आवाजात बोलले, आजही ते आठवलं की वाईट वाटतं. काकूंनी माझ्या हातातला कागद घेऊन सगळे नंबर शेवटपर्यंत वाचले. मग त्यांनी हजेरीपट काखेत मारला, चपला घातल्या आणि जिन्याकडे निघाल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या महिना महिना वरच्या मजल्यावर जात नाहीत.

पहिल्या दारात एक बाई बोंबील साफ करत बसलेल्या. काकू उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. तुझं नाव मी लिहिलं नव्हतं. पूर्ण नाव सांग." बाई हात पुसत हसल्या. मला कोण नावाने हाक मारतंय, म्हणाल्या, पण सांगितलं. मी फोनवरच यादीत भरलं आणि त्यांना त्यांचं पान उघडून दिलं. नाव आलं, मजला आला, दोन्ही खांब उभे राहिले. त्यांनी कोपराने बटण दाबलं, कारण हातांना बोंबलाचा वास होता.

सहा दारं केली आम्ही. प्रत्येक दारात काकूंनी तेच वाक्य म्हटलं, माझी चूक झाली. रिवाज आहे, सगळेच पाळतात, असली सारवासारव एकदाही केली नाही. चाळीतली निम्मी पोरं ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या बाईने सहा उंबऱ्यांवर मान खाली घातली आणि त्याने त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही. मला हे जमलं नसतं. मी आधी कुणावर तरी ढकललं असतं.

आमच्या मजल्यावर परत आलो तेव्हा दोन वाजले होते. "सातवी कुठली राहिली?" मी विचारलं.

काकूंनी स्वतःचं कुलूप काढलं. "ये आत," म्हणाल्या.

काका श्रावणात गेले होते. संक्रांतीआधी काकूंनी वही ताजी करायला घेतली आणि पहिली रेघ स्वतःच्या नावावर मारली. हळदीकुंकू त्यांच्याच खोलीत झालं, तिळाच्या वड्या त्यांनीच थापल्या, आणि त्या आतल्या बाजूला पडद्यामागे बसून राहिल्या. मी गेले होते त्या दिवशी. वाण घेतलं, वडी खाल्ली, घरी आले. काकू बाहेर का नाहीत, हे मी विचारलं नव्हतं.

"कर टाइप," त्या म्हणाल्या.

मी नावाच्या रकान्यावर बोट ठेवून थांबले. अठरा वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. तापात त्यांच्या हातची पेज प्यायले, माझी मुलगी त्यांच्या मांडीवर पाढे शिकली. सकाळी ज्या प्रश्नावरून मी त्यांना झापलं होतं, त्याचं उत्तर मलाच येत नव्हतं.

"काकू, तुमचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. मी भरलं. त्यांनी चष्मा लावून सगळा तक्ता वाचला, आलेख बघितला आणि बटण दाबलं. मग फोन माझ्या हातात दिला. "वरची ओळ जरा मोठ्याने वाच," म्हणाल्या.

मी वाचली. नमस्कार, आणि पुढे त्यांचं नाव. "परत," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा मला ते नीट वाचता आलं नाही.