सोमवारची सात मिनिटं

मशीननं कन्सोलवर काहीही विचारलं, की काका आधी उठायचे आणि डिस्कच्या कपाटावर तळहात ठेवून उभे राहायचे. पोराचा ताप बघावा तसे. "जरा ठहर, भिया. अजून उठली नाही ती." मग सावकाश येऊन एका बोटानं उत्तर टाइप करायचे. इंदूरच्या आमच्या ऑफिसातला अवाढव्य मेनफ्रेम कॉम्प्युटर रोज सकाळी असा प्रश्नोत्तरं करत सुरू व्हायचा. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. मी तर रोज हसायचो.

काका तिथले ऑपरेटर. त्यांच्या गल्लीत घरोघरी मिलचे कामगार. एकेक मिल बंद पडत गेली आणि सकाळी डबा घेऊन निघणारे काका एकटेच उरले. "मान खाली घालून निघतो, यार," एकदा म्हणाले. "ओट्यावर सगळे बसलेले असतात ना."

अशात साहेबांना ऑटोमेशनची हौस आली. कन्सोलची उत्तरं यापुढे प्रोग्रामनंच द्यायची आणि तो प्रोग्राम लिहायचा मी. जमलं की काकांची जागा रद्द. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. मी नवा, नोकरी कच्ची, आणि खरं सांगतो, मला हुशारीही दाखवायची होती.

काकांची रोजची प्रश्नोत्तरं ज्यांवर छापली जायची त्या जुन्या कागदांवरून मी सगळी उत्तरं उतरवून घेतली. मंगळवार ते शनिवार प्रोग्राम मख्खन चालला. सोमवारी कन्सोल उठेचना. पुढच्या सोमवारीही तेच. ओळ न् ओळ तपासून माझे डोळे शिणले. साहेब म्हणाले, "अजून एक सोमवार देतो. नाहीतर राहू दे, काका आहेतच."

ऑफिसातले सगळे मनातून खूश होते. काकांनी फक्त गप्प राहायचं होतं.

शनिवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "रविवारी दिवसभर मशीन बंद असते, पार गार पडते. सोमवारी डिस्कला वेग घ्यायला वेळ लागतो आणि तुझा प्रोग्राम घाई करतो. सोमवारी सात मिनिटं थांबव त्याला."

"काका, हे तुम्ही कशाला सांगताय?"

"दोन सोमवार बघतोय. अशानं डिस्क खराब होईल रे." आणि ते डबा धुवायला गेले.

मी थांबायला हवं होतं. ती ओळ मी तेव्हाच लिहून टाकली.

सोमवारी कन्सोल सुरू झाला. साहेबांनी पेढे मागवले, काकांनीही एक घेतला. महिन्याभरात ते घरी बसले आणि माझी नोकरी पक्की झाली.

त्यानंतरच्या सोमवारी काचेच्या दारापलीकडे काका दिसले. हातात डबा. चौकीदारानं विचारलं, "काकाजी, किससे मिलना है?"

"किसी से नहीं. चालू हो गया क्या, इतना बता दे."

"हो गया."

मान हलवून ते निघून गेले. मी कागद चाळत बसलो, उठलो नाही. लाज वाटली मला. असे ते चार सोमवार आले आणि चारही वेळा मी कागदच चाळले.

पाचव्या सोमवारी मी आधीच दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. आत मशीन आपोआप सुरू झाली. काका आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत.

पुढे तो मेनफ्रेमही भंगारात गेला, ऑफिसंही बदलली. काचेच्या दारापलीकडे कुणी उभं दिसलं, की मी हातातलं काम टाकून धावत जाऊन दार उघडतो. कुरिअरवाला असतो.