विहिरीत सोडलेले गप्पी मासे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं — आणि खरं सांगू? मला तेच नको होतं.

तसं माझं झकास चाललंय. रिटायर झालो, मुलुंडला स्वतःचं घर, गुडघे अजून साथ देतात. आमच्या सोसायटीत दर शनिवारी ‘कोरडा दिवस’ असतो — पिंपं, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं रिकामं करून पुसायचं. दारोदार फिरून ते करून घेणारा मी. ‘आला मलेरियावाला’ म्हणून लोक चिडवतात. चिडवू देत, मला आवडतं.

आता मुद्द्यावर येतो. येतो हो — पण जीभ जरा अडखळते.

चार वर्षं झाली. पावसाळा नुकताच संपला होता, ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. मलेरिया खात्याच्या बाईंनी मला पिशवीभर गप्पी मासे दिले, बिल्डिंगच्या मागच्या विहिरीत सोडायला. हे मासे डासांच्या अळ्या खातात. “आजच सोडा हं काका,” असं बजावून त्या गेल्या. पाच मिनिटांचं काम. पण दुसऱ्या दिवशी रविवार, सगळे घरी — म्हटलं, सगळ्यांसमोर सोडू, ग्रुपवर फोटो जाईल. पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवली. स्कूटर दिवसभर उन्हात! सकाळी उघडून बघतो तर एकूण एक मेलेले.

तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? लोक हसले असते, बाईंनी दुसरे दिले असते. बस्स. पण खाली जमलेली माणसं बघून माझी टरकली. पिशवी पेपरात गुंडाळली आणि विहिरीच्या जाळीचं झाकण उघडून तशीच ओतली. आत अंधार, कोणाला काय दिसणार? टाळ्या पडल्या. फोटोही छान आला.

महिन्याभरात तळमजल्यावरच्या सावंतांना मलेरिया झाला. साधासुधा नाही — आयसीयूत होते, वाचतील की नाही अशी वेळ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न निघाला, डास आले कुठून? विहिरीत तर मासे आहेत! मग सगळ्यांच्या नजरा वळल्या सावंत वहिनींच्या खिडकीकडे. तेलाच्या डब्यांत लावलेली अबोली, मोगरा, सोनटक्का. सेक्रेटरीने मला विचारलं, “काका, विहिरीत अळ्या नाहीत ना?”

मी म्हणालो, “नाहीत.”

ते डबे मी दर शनिवारी स्वतः तपासत होतो. थेंबभर पाणी साठलेलं नसायचं. पण मी बोललो का? नाही. नवरा तसा पडलेला, त्यात सगळी बिल्डिंग बोट दाखवतेय — वहिनींचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. दुसऱ्या दिवशी एकेक झाड उपटून त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. रडत होत्या. पिशवी धरायला मी होतो. नालायक माणूस, दुसरं काय!

सावंत बरे झाले. आता रोज सकाळी माझ्यासोबत चालायला येतात. बाईंकडून मी गुपचूप पुन्हा मासे मागून आणले, या वेळी लगेच सोडले. आज विहिरीत त्यांचीच गर्दी आहे. त्यानंतर आमच्याकडे मलेरिया नाही. मी मजेत आहे, झोपही छान लागते — हेही कबूल केलेलं बरं. वहिनींची खिडकी मात्र रिकामीच आहे.

गेल्या शनिवारी तपासणीला त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी हाताला धरून बसवलं आणि गरम घावणे वाढले. म्हणाल्या, “भावजी, नातीने हौसेने मोगरा आणला होता. मी परत पाठवला. माझ्या झाडांपायी ह्यांचा जीव जात होता. तुम्ही विहिरीत मासे सोडलेत म्हणून बाकीची बिल्डिंग तरी वाचली हो.”

मी तोंडातला घास गिळला, आणि आणखी दोन घावणे मागितले.