उलटलेली कॉलर

माझा काका शिंपी होता, पण नवा कपडा त्याने क्वचितच शिवला. जुने शर्ट दुरुस्त करायचे हाच त्याचा धंदा. मानेवर घासून घासून कॉलर विरते, दोरे बाहेर येतात, बाकी शर्ट मात्र धडधाकट असतो. असा शर्ट आला की काका कॉलरची टीप उसवायचा, कॉलर उलटी करून पुन्हा पट्टीत बसवायचा. विरलेली बाजू खाली जायची, कोरी बाजू वर यायची. गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं. चारचौघांत हे कोणी बोलत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुकान खाली होतं आणि आम्ही वर राहायचो. दुपारी शाळेतून आल्यावर मी दुकानातल्या कपड्यांच्या ढिगावर आडवी व्हायचे. इस्त्रीची वाफ, ओल्या सुताचा वास, खिडकीतून तिरपा येणारा उजेड आणि त्यात तरंगणारा कापसाचा भुगा. त्यात मशीन एका लयीत चालू. डोळे मिटले की वाटायचं, हे दुकान हळूहळू रस्ता सोडून कुठेतरी निघालंय आणि काका ते पायाने चालवतोय. काका तोंडात सुई धरून गुणगुणायचा. झोप आणि जाग यांच्यामधल्या त्या जागेत मी त्याची सगळी गाणी ऐकली. म्हणून आजही कोणी त्या गाण्यांचा अर्थ सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. अर्थ काय सांगताय? आधी वाफेत लोळा.

गाणी म्हणजे साधीसुधी नव्हेत, रॉक. काका तरुणपणी एका बँडमध्ये गाणी लिहायचा आणि गायचाही. गिटार, ढोल बडवणं, केस खांद्यापर्यंत. त्याला सगळे 'टाका' म्हणायचे. तेव्हाचं एक गाणं इतकं गाजलं की ते त्याच्या आधी घरोघरी पोचलं.

*वरून कडक, आतून विरलेली,*
*भल्या माणसा, तुझी कॉलर उलटलेली!*
*पुस्तकातलं दार सताड उघडं,*
*घरच्या दाराला कडी घातलेली!*

लोकांनी आपापल्या सोयीने अर्थ लावले. कोणी म्हणालं, हे पुढाऱ्यांवर आहे. कोणी म्हणालं, धर्माच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांवर. सगळ्यांना दुसऱ्या कोणाची तरी कॉलर दिसत होती. आमच्या घरात मात्र अर्थ लावायची गरज पडली नाही. ते गाणं माझ्या बाबांवर होतं, काकाच्या सख्ख्या मोठ्या भावावर, आणि बाबांना ते पहिल्या ओळीतच कळलं.

बाबा प्रार्थनागृहात दर आठवड्याला धर्माचं पुस्तक वाचायचे. आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणाराही ताठ व्हायचा. एके दिवशी त्यांनी वाचलं, 'जो येईल त्याला दार उघडं ठेवा.' आणि त्याच सकाळी त्यांनी माझ्या आत्याला दार उघडलं नव्हतं. आत्याने प्रार्थनागृहाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं होतं. ती एवढीशी पिशवी घेऊन जिना चढून आली, आतून कडी लागलेली ऐकली आणि परत उतरली. बाबांनी त्या सकाळी जो शर्ट घातला होता, त्याची कॉलर काकानेच उलटून दिली होती.

गाणं गाजलं आणि बाबा रस्त्याने निघाले की पोरं तेच गाणं मोठमोठ्याने म्हणायला लागली. पोरांना काय माहीत! पण चोराच्या मनात चांदणं. बाबांनी काही दिवस तग धरला, मग वाचन सोडलं, मग प्रार्थनागृहच सोडलं. काकाशी बोलणं तर त्याआधीच सोडलं होतं. घर एक, जिना एक, आणि मधे माझी आई पोस्टमनसारखी. "त्याला सांग, नळ गळतोय." "त्यांना सांगा, वॉशर आणलाय." मी कळती झाले तशी ही नोकरी माझ्याकडे आली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्याकडे तर सुंभही चांगला मजबूत होता.

मग गंमत झाली. काका बदलला.

आधी तो स्टेजवरून 'वर कोणी नाही' म्हणून ओरडायचा आणि लोक वेडे व्हायचे. पुढे बँड थकला, केस गेले, आणि काका दुपारी दुकानाचं दार ओढून प्रार्थनागृहात जाऊन बसायला लागला. सगळे जमतात तेव्हा नाही, रिकामं असतं तेव्हा. मागच्या बाकावर, चपला काढून, हात मांडीवर ठेवून. मी एकदा विचारलं, "काका, तू आता मानतोस?"

"माहीत नाही गं."

"मग बसतोस कशाला?"

"कोणी असेल तर त्याला ऐकू जाईल. नसेल तर निदान मला तरी ऐकू येईल."

मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. उंच काचांतून उजेड यायचा, बाकाचं लाकूड गरम झालेलं असायचं, आणि थोड्या वेळाने कुठूनतरी मशीनचा आवाज येतोय असं वाटायचं. मला काही ऐकू आलं नाही, पण तिथून उठावंसंही वाटलं नाही.

त्या बसण्यातून एक नवं गाणं आलं. बँडने ते शेवटच्या कॅसेटमध्ये घातलं आणि सगळा घोळ झाला.

*कडी त्याची होती, हे खरं,*
*पण माझा पाय कुठे थांबला?*
*झिजलोय मी दोन्ही बाजूंनी,*
*आता कुठून उलटशील मला?*

जुने चाहते खवळले. टाका फितूर झाला, टाका देवाला लागला, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे! ज्याने ढोंगावर गाणं लिहिलं तोच ढोंगी ठरला. प्रार्थनागृहातल्या मंडळींनाही तो नको होता. म्हणजे धड ना इकडचा, धड ना तिकडचा. आणि बाबांनी वरच्या खोलीत रेडिओवर ते गाणं ऐकलं तेव्हा 'कडी' एवढा एकच शब्द ऐकला. रेडिओ बंद करून म्हणाले, "झालं! म्हातारा झाला तरी माझी पाठ सोडत नाही." पुढच्या ओळी त्यांनी ऐकल्याच नाहीत. मला राग यायचा, पण कोणावर काढावा ते कळायचं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मी नोकरीला लागले, तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानात जाऊन बसायचे. ढीग आता मला पुरत नव्हता, स्टूल घ्यायचे. अशाच एका दुपारी एक दाढीवाला आला. तो गाण्यांवर पुस्तक लिहीत होता. चेहऱ्याने भला वाटला. दुकानात वाकून शिरला, टांगलेल्या शर्टांना डोकं लागू नये म्हणून तसाच अर्धा वाकून बोलत राहिला.

"तुमच्या शेवटच्या गाण्याबद्दल विचारायचं होतं," तो म्हणाला. "'माझा पाय कुठे थांबला'. मी त्याचा अर्थ असा लावलाय, की सत्याच्या शोधात निघालेला प्रवासी. नास्तिकतेपासून श्रद्धेपर्यंत चालत गेलेला, कुठेही न थांबलेला पाय."

काका हसला. सुई तोंडातून काढून उशीत खोचली. "छान आहे. लिहा तसंच."

"म्हणजे तसं नाही?"

"पाय म्हणजे हा पाय." काकाने मशीन चालवायला ज्यावर पाय मारायचा त्या पायट्याकडे बोट दाखवलं.

दाढीवाला पायट्याकडे बघत राहिला. मीसुद्धा. इतकी वर्षं मी ते गाणं झोपेत म्हणू शकले असते, पण पायटा माझ्या डोक्यात आला नव्हता. आणि मी म्हणे वाफेत लोळलेली!

"त्या दिवशी मी इथेच बसलो होतो," काका म्हणाला. "बहीण वर गेली, मी पाहिलं. वर कडी लागली, ती ऐकली. ती खाली आली, या दारासमोर उभी राहिली. तिला वाटलं असेल, हा तरी बोलावेल. माझ्या हातात एकाची कॉलर होती. मी मान वर केली नाही. पायसुद्धा थांबवला नाही, मशीन चालूच. ती गेली. मग मी रात्रभर बसून दादावर गाणं लिहिलं आणि गावभर गात सुटलो. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी म्हणत होतो, बघा, कसा ढोंगी आहे तो!"

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. कापसाचा भुगा उजेडात तसाच तरंगत होता.

दाढीवाल्याने वही मिटली. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे पहिलं गाणं भावावर आहे आणि दुसरं तुमच्यावर. श्रद्धा वगैरे नंतरची गोष्ट. दुसरं गाणं ही माफी आहे. पण ज्याची मागायची त्याला तुम्ही ती सांगितलीच नाही, गाण्यात लपवून ठेवलीत."

मला वाटलं आता काका चिडणार. पण तो म्हणाला, "बरोबर बोललात. ओरडायला स्टेज मिळालं होतं. हे सांगायला हा एवढा जिना चढायचा होता, तो चढवला नाही."

तेवढ्यात जिन्याची पायरी वाजली. आमच्या जिन्याची मधली पायरी सैल होती, त्यामुळे चोरून ऐकणारा तिथेच सापडायचा. मी बाहेर डोकावले. बाबा होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कठडा धरून पुन्हा वर गेले आणि वरचं दार लागलं.

दाढीवाला आभार मानून निघून गेला. काका मशीनवर बसला, पण काम हातात घेतलं नाही. मला वाटलं, संपलं. आता बाबा वॉशरचा निरोपसुद्धा पाठवणार नाहीत. मी उगाच बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला घेतली.

मग पायरी पुन्हा वाजली आणि बाबा दुकानाच्या दारात उभे राहिले. हातात एक शर्ट, घडी इतकी जुनी की रेषेवर पिवळी पडलेली. त्यांनी तो टेबलावर ठेवला. कॉलर पुन्हा विरली होती, दोरे बाहेर आले होते.

"याची कॉलर उलटून दे," बाबा म्हणाले. काकाला. माझ्यामार्फत नाही.

काकाने शर्ट उजेडात धरला. "दादा, ही मी एकदा उलटलीय. कॉलर एकदाच उलटता येते. आता ही दोन्हीकडून गेली."

"मग काहीच होत नाही?"

"होतं," काका म्हणाला. "शर्टाच्या मागच्या शेपटातून कापड कापून नवी कॉलर करता येते. त्याच शर्टाचं कापड, पँटमध्ये खोचून राहिलेलं, म्हणून अजून कोरं आहे. पण शर्ट आखूड होईल. वाकलास की बाहेर येईल. लोकांना दिसेल."

"दिसू दे," बाबा म्हणाले. "तिच्याकडे जायचंय. त्या सकाळी हाच अंगात होता, हाच घालून जायचंय."

कोणाकडे ते कोणी विचारलं नाही. काकाने शेपूट टेबलावर पसरलं, खडूने रेघ ओढली आणि कात्री चालवली. बाबा माझ्या स्टुलावर बसले. मी बाजूला ढिगावर बसले, लहानपणीसारखी. वाफ, सुताचा वास, तिरपा उजेड. आज तर दुकान खरंच कुठेतरी निघाल्यासारखं वाटत होतं. काकाने कापड सुईखाली सरकवलं आणि मशीन सुरू झालं.

"तू येशील ना?" बाबांनी विचारलं. "तिच्या दारात मला एकट्याला उभं राहवणार नाही."

काकाचा पाय थांबला.