शेवटच्या ओळीसाठी नवा आर्म

आमच्या रविवारच्या मंडळात माणसं पाच आणि रेकॉर्ड प्लेअर एक. जमायचो गाणी ऐकायला. पण त्या दोन वर्षांत ऐकलेली गाणी मला आता फारशी आठवत नाहीत. आठवतात ते किस्से. प्लेअर उघडला की गाणं बंद, आणि गाणं बंद पडलं की कुणीतरी काहीतरी करून ठेवायचंच! ते असं साचत गेलं.

*

मंडळाचे यजमान तात्या, कोर्टात स्टेनो. मी तेव्हा कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते. एका दुपारी तात्या लॅबच्या दारात उभे. मागे रिक्षावाला, आणि रिक्षावाल्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला अख्खा प्लेअर!

"तुमच्याकडे म्हणे मिलिग्रॅमपर्यंत वजन होतं?"

मी अशी दचकले की वजनपेटीतला चिमटा खाली पडला. म्हटलं, "सरांची परवानगी लागेल..."

"सर चौथीपर्यंत माझ्याच बाकावर होते," म्हणत त्यांनी प्लेअर टेबलावर ठेवलासुद्धा.

प्लेअरची जी दांडी असते, जिच्या टोकाला सुई, तो टोनआर्म. सुईचा भार रेकॉर्डवर किती पडतो, एवढंच त्यांना हवं होतं. मी एका पारड्यावर सुई टेकवली आणि दुसऱ्यात वजनं चढवत गेले. भरले आठ ग्रॅम.

तात्या स्टुलावर बसलेच. "आठ? दीड-दोन हवेत गो! म्हणजे इतकी वर्षं मी बायकोच्या गाण्यावर नांगर फिरवला!"

बायकोचं गाणं म्हणजे खरोखरच बायकोचं. काकू लग्नाआधी मुंबईत मामाकडे राहायच्या, तेव्हा त्यांचं एक भावगीत निघालं होतं. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड, वर 'कु. सुमती' असं छापलेलं. जगात तिची दुसरी प्रत असलीच तर आम्हांला माहीत नव्हती. जुना आर्म शेवटची ओळ आली की हमखास घसरायचा आणि सुई थेट मधल्या कागदावर जायची. संसाराची वीस वर्षं झाली, पण बायकोचं गाणं संपतं कसं, हे तात्यांनी ऐकलंच नव्हतं! रेकॉर्ड आणखी झिजू नये म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली होती. चांगला आर्म मिळाला की काढायची.

"काकू, तुम्हीच गाऊन दाखवा ना शेवट," मी एकदा म्हटलं.

"आता कुठला गो लक्षात," काकू म्हणाल्या आणि नारळ खवत राहिल्या.

*

पहिला नवा आर्म साळवींनी केला. साळवी मिरजोळ्याला कारखान्यात लेथवर. "परदेशातून कशाला मागवता ओ तात्या? दांडी ती दांडी!" म्हणत त्यांनी पंधरा दिवसांत ॲल्युमिनियमची दांडी आणली. चकचकीत, सरळ, अंगठ्याएवढी जाड.

तात्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. "साळवी, हा आर्म आहे की नळाचा पाइप?"

साळवी बधले नाहीत. मागच्या बाजूला तोल धरायला वजन लागतं. त्यासाठी त्यांनी मिरकरवाड्याहून मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं आणली. एक लावलं, पुरेना. दुसरं लावलं. तिसरं लावल्याबरोबर आर्मचं सुईकडचं टोक वर उचललं गेलं आणि हवेत तसंच राहिलं. खाली रेकॉर्ड आपली गरागरा फिरतेय.

साळवी म्हणाले, "बघा! आता झिजेल का रेकॉर्ड?"

*

मग हसनभाई. ते बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तात्यांनी त्यांना आर्म निवडायला म्हणून दोन पानी टाइप केलेली यादी दिली. लांबी किती, वाक किती, बेअरिंग कसलं, सरळ की एस आकाराचा. शेवटी टीप: 'शंका आल्यास घेऊ नये.'

जपानात दुकानदाराने समोर सहा आर्म मांडले. हसनभाईंना सहाही सारखेच दिसले. मग त्यांनी काय केलं? प्रत्येकावर हळूच फुंकर मारली. जो पहिल्या फुंकरीला हलला, तो घेतला!

तात्या यादी घेऊन रागावणार तेवढ्यात त्यांनी स्वतः फुंकर मारून पाहिली. आर्म तरंगत गेला, तरंगत थांबला. यादीची घडी करून तात्यांनी ती खिशात घातली.

"हसन, तू कोर्टात निकाल द्यायला का नाही आलास रे?"

*

तोच आर्म मुंबईला बंदरावर अडला होता. कस्टमच्या अधिकाऱ्याने पेटी उघडून विचारलं, "हे काय?" हसनभाईंना वाटलं, शौकाची वस्तू म्हटलं तर जकात लावतील. म्हणाले, "दातांच्या डॉक्टरचं आहे, साहेब."

अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. "मग ही मागची दाढ बघा जरा."

हसनभाईंनी वाकून नीट पाहिली.

"काढायला हवी," म्हणाले आणि पेटी उचलून निघाले.

*

आर्म बसवायला प्लेअरच्या लाकडात भोक पाडायचं होतं. जागा मिलिमीटरनं चुकता कामा नये. कागदी नमुना धरायला मला बसवलं, का, तर "लॅबमधली आहे, हात स्थिर असेल." मी श्वास रोखून पेन्सिल टेकवली, आणि पडवीच्या पत्र्यावर नारळ आदळला! पेन्सिल रेघ ओढत सरळ नमुन्याबाहेर.

"तिला कशाला बसवलंत?" आतून काकू. "पाल चुकचुकली तरी उभी राहते ती!"

साळवींनी मात्र रेघ पाहिली आणि रेघेच्या दोन्ही टोकांपर्यंत भोक लांबट कापून टाकलं. तात्यांचा चेहरा पांढरा. पण त्यामुळे आर्म पुढेमागे सरकवून नेमका लावता आला. माझ्या घाबरण्याचा कुणाला उपयोग झाल्याचा हा एकच प्रसंग.

*

पुढे लेव्हल, म्हणजे प्लेअर अगदी सपाट बसवणं. साळवींच्या पट्टीतला बुडबुडा मधोमध येईना. टेबलाखाली पुठ्ठे घातले, टेबल फिरवलं, मग कळलं की खोलीच उताराला आहे. तात्या हवालदिल. "घर तिरकं आहे गो सुमती!"

"वीस वर्षं तिरकंच आहे," काकू म्हणाल्या. "मी पडले का कधी?"

*

अखेर तो रविवार आला. मी सुईवरचं वजन लावलं, दीड ग्रॅम. तात्यांनी कपाटातून रेकॉर्ड काढून मलमलीने पुसली. सुई मीच टेकवावी असं ठरलं. त्याआधी साळवी पत्र्यावर नारळ नाहीत ना, ते बघून आले.

गाणं लागलं. काकूंचा सतरा-अठरा वर्षांचा आवाज. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या. तात्या डोळे मिटून, एक बोट वर. शेवटची ओळ आली. सुई घसरली नाही. ओळ पुरी झाली, पेटी थांबली, तंबोरा विरत गेला.

आणि मग, अगदी हळू, पण कानाशी बोलावं इतका स्पष्ट, एका पुरुषाचा आवाज आला.

"छान, सुमे."

मी दचकले. पण त्या दिवशी एकटी नाही. साळवी छताकडे बघायला लागले. हसनभाईंनी टोपी काढून उगाच झटकली. सुई मधल्या रेघेत फिरत राहिली, टक, टक.

तात्यांनी डोळे उघडले. "हा कोण गो?"

"कुठे कोण?" काकू म्हणाल्या. "भजी गरम आहेत तोवर घ्या." आणि आत गेल्या.

तात्यांनी सुई उचलून आर्म जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"सुईवरचं वजन थोडं वाढव गो," म्हणाले. "फारच स्वच्छ येतंय."